चौथ्या डब्यातलं जेवण

११ डिसेंबर १९८८, जालना

ही डायरी केशवसरांनी दिली. दोन वर्षं जुनी आहे, वार एकही जुळत नाही, पण पानं कोरी आहेत. म्हणाले, "देवानंद, तू एवढे चित्रपट दाखवतोस. पाहून तुला काय वाटलं ते लिहीत जा. लोकांना कुठला बघा म्हणशील, आणि का, एवढंच. बरं निघालं तर आपल्या पत्रकात छापू."

सर विम्याच्या ऑफिसात आहेत. झरोका चित्रपट मंडळ त्यांनीच काढलं. सभासद त्रेचाळीस, येतात पंधरा. पुण्याहून एसटीनं रिळांचे डबे येतात. ते उतरवायचे, मशीनवर रीळ चढवायचं, संपलं की उलटं गुंडाळून डब्यात ठेवायचं, हे माझं काम. दहावी नापास झाल्यावर मी जिनिंगमध्ये होतो, मंग कॅन्टीनमध्ये, मंग ट्रकवर क्लीनर. इथं सात महिने झाले. इतकं एका जागी मी कुठंच टिकलो नाही.

तर पहिला पिक्चर. एक म्हातारा घराचं दार पाठीवर घेऊन चालतो. दीड तास चालतो. घर धरणात गेलंय, ते शेवटाला कळतं. बघा म्हणेन. पण जेवून बघा.

१४ डिसेंबर, मंठा

दाराचा पिक्चर इथं बाजाराच्या दिवशी दाखवला. सरांचं म्हणणं, असे चित्रपट खेड्यात गेले पाहिजेत. खाली अक्षरं इंग्रजीत येतात, ती कोण वाचणार? म्हणून मी मशीनशेजारी माईक घेऊन उभा राहतो अन् गोष्ट सांगतो. सर याला निवेदन म्हणतात.

अर्ध्या तासात निम्मी माणसं उठली. एक जण जाता जाता म्हणाला, "नाव देवानंद, अन् दाखवतो काय, तर दार."

शिंप्याचं दुकान असलेला भिवा नावाचा एक माणूस मात्र शेवटपर्यंत बसला. विचारलं, आवडला का? म्हणाला, "घरी जाऊन तरी काय करू? कुणी हाय का तिथं?" बायको वारून तीन वर्षं झाली म्हणे. त्याच्या दुकानात एक बोलका पोपट आहे. त्याच्या नादात माझी शेवटची गाडी गेली.

२७ डिसेंबर, जालना

नवीन प्रिंट आली. कुठल्याशा डोंगराळ देशाची आहे, देशाचं नाव मी दर वेळी विसरतो. सोबत माहितीचा कागद यायला पाहिजे होता, तो आला नाही. सरांना वेळ नव्हता. मी एकट्यानं वरच्या खोलीत भिंतीवर लावून तपासली.

गोष्ट अशी. पहिल्या रिळात बर्फ, बकऱ्या, एक माय अन् तिचा तरणा पोरगा. पोरगा डोंगरापलीकडं कामाला जातो. दुसऱ्या रिळात माय वाट बघते. तिसऱ्यात पोरगा एका रात्रीपुरता येतो, पोटभर जेवतो, हात धुतो, अन् माय झोपेत असताना निघून जातो. चौथ्यात दोन माणसं त्याचा नुसता कोट घेऊन येतात. तो कोट खोक्यात घालून गाव पुरतं. माय बसून राहते. संपला.

कोणी रडत नाही, गाणं नाही. मी मात्र बराच वेळ बसून होतो. बघा म्हणेन.

शेवटचं रीळ गुंडाळत होतो तेवढ्यात खाली दरवेशी अस्वल घेऊन आल्ता. ते बघून आलो अन् उरलेली रिळं डब्यात भरली.

३० डिसेंबर, वाटूर

सर्जेरावांच्या कापसाच्या गोडाऊनसमोर पडदा बांधला. वाटूर फाट्याचं गाव, माणूस जमायला वेळ लागत नाही. दोनशे तरी असतील. सर्जेराव सरांशेजारी खुर्चीवर, त्यांची आई झुंबरबाई पुढं पोत्यावर.

दोन रिळं छान गेली. तिसरा डबा उघडला, रीळ चढवलं, बटण दाबलं, तर पडद्यावर दोन माणसं कोट घेऊन येऊन राह्यली. तिसऱ्याच्या डब्यात चौथं रीळ. अस्वलाच्या नादात मीच भरलं होतं.

तेव्हाच थांबवायला पाहिजे होतं. पण सर मागं बसलेले, अख्खं गाव गप बसलेलं. मी सांगत गेलो. कोट पुरला. शेवटची अक्षरं यायच्या आत बत्ती बंद केली. मंग चौथा डबा. त्यात तिसरं रीळ, म्हणजे पोरगा दारात उभा. चुकलं म्हणायला तोंड उघडलं, अन् माईकमधून निघालं ते असं:

"गावानं कोट पुरला. पण कोट म्हंजे माणूस न्हाई, मंडळी. बघा, आला का न्हाई?"

पोरगा जेवला. हात धुतले. रीळ संपलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या पिक्चरला टाळ्या मी पहिल्यांदा ऐकल्या. सरांनी खांद्यावर हात ठेवला. "शेवट काय आहे रे. मरणानंतर जेवणाचा प्रसंग. आणि तुझं ते वाक्य. पत्रकात तूच लिही याच्यावर."

मी हो म्हणालो.

३१ डिसेंबर, वाटूर

सर रातच्या गाडीनं गेले, मी सामानासाठी सर्जेरावांकडं राहिलो. सकाळी चहा घेत होतो तर आत आवाज चढला.

"पानं म्हंजे माणूस न्हाई, सर्जा."

"आई, तू हो म्हणल्ती. गुरुजीला सांगून झालंय."

"म्हणले असंल. आता न्हाई म्हणते."

सर्जेराव बाहेर येऊन माझ्याजवळ बसले. त्यांचा थोरला भाऊ कारभारी बारा वर्षांमागं याच फाट्यावरून एसटीत बसला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. बारा वर्षं माणूस बेपत्ता राहिला की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मंग सुतक, मंग तो गेला असं धरतात. झुंबरबाई आधी ऐकायलाच तयार नव्हत्या. यंदा दिवाळीला कबूल झाल्या. पौषातल्या अवसेला ठरलं होतं.

"अन् रात्री तुमचा पिक्चर पाह्यला," सर्जेराव म्हणाले. रागावून नाही, थकून.

भिंतीपाशी एक बाई दळण निवडत होती. कारभारीची बायको गोजरबाई. तिशीची असेल. लग्नानंतर वर्षभर तरी नवरा होता का, कोण जाणे. तिनं वर पाह्यलं नाही. सुपातले खडे तेवढे जरा जोरात पडत होते.

मी चहा संपवला. मला गाडी पकडायची होती.

८ जानेवारी १९८९, जालना

आज मंडळाचा खेळ. रिळं नीट लावली असती तर सरांना कळलं असतं की वाटूरला काय झालं. मी दोन डबे समोर घेऊन बराच वेळ बसलो. शेवटी जसं वाटूरला लावलं तसंच लावलं. शेवटची अक्षरं आली तेव्हा भिंगावर हात धरला.

नंतर चर्चा झाली. कॉलेजात शिकवणाऱ्या उमाताई म्हणाल्या, "दिग्दर्शकानं काळाची घडी घातली आहे. आईच्या मनात मुलगा मरतच नाही." वकील गिरिधरपंत म्हणाले, "मला तो भुताचा प्रवेश वाटला. तो मुलगा एकदाही आईच्या डोळ्यांत बघत नाही." यावर बराच वाद झाला. गिरिधरपंतांचं खरं आहे, तो बघत नाही, मीही पाह्यलंय. पण तो बघत नाही कारण त्याला पहाटे न सांगता निघायचंय. हे मला एकट्याला माहीत, अन् सांगता येत नव्हतं.

असे पिक्चर कुठंही संपतात याची लोकांना सवय आहे. म्हणून मी वाचलो.

चहाच्या गाड्यावर एक माणूस बघून राह्यला होता. धावड्याचा धर्मराज, कापूस घेऊन आल्ता. "तू दुर्गाबाईचा देवा न्हाई का?"

"न्हाई बा. मी मंठ्याकडचा."

"आवाज तोच हाय." थोडा वेळ उभा राहिला. "बरं. भेटला कुठं तर सांग त्याला, माय विचारती."

सांगतो म्हणालो. भजी चांगली होती.

१५ जानेवारी

पत्रक निघालं. उमाताईंचा अडीच पानांचा लेख, 'मृत्यूनंतरचं जेवण'. सरांची शिफारस: या महिन्यात जिथं मिळेल तिथं हा चित्रपट अवश्य पाहावा. खाली चौकटीत माझं वाक्य अन् माझं नाव. माझं नाव छापलेलं मी दहावीच्या हॉलतिकिटानंतर पहिल्यांदा पाह्यलं. एक प्रत घडी करून खिशात ठेवली. दुपारपर्यंत चार वेळा काढली, मंग काढली नाही.

१९ जानेवारी

गोजरबाई आली होती. वाटूरहून एकटी, एसटीनं, विचारत विचारत. मी जिन्यात मशीन पुसून राह्यलो होतो.

"देवाभाऊ, तुमीच ना ते माईकवाले?"

बसा म्हटलं, बसली नाही.

"आत्याबाई रोज सांजंला फाट्यावर जाऊन बसतेत. मुक्कामाची गाडी येस्तोवर. आधी बंद झाल्तं ते." थांबून म्हणाली, "माझा भाऊ मंठ्याला न्यायचं म्हणतो. तिथं एकाशी पाट लावून द्यायचं चाललंय. माणूस बरा हाय, शिवणकाम करतो. पण मी कोण हाय, सांगा. सवाशीण का रांडाव? बारा वर्सं कुंकू लावते अन् कुणी हळदीकुंकवाला बोलावत न्हाई. परवाच्या संक्रांतीला बी न्हाई."

मी पोपटाबद्दल विचारणार होतो, विचारलं नाही.

"तो पिक्चर खरंच तसा हाय का?"

खिशात पत्रक होतं. "न्हाई वहिनी," मी म्हणालो. "मी उलटा लावला."

ती रागावंल असं वाटलं होतं. तिनं पदर नीट केला. "मंग सुलटा लावून दाखवा. तुमच्या तोंडानं मोडलंय, तुमच्याच तोंडानं जुळंल. आमचं कुणाचं ऐकत न्हाईत त्या."

२२ जानेवारी

सरांना सांगितलं. सगळं, अस्वलापासून.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मंग म्हणाले, "इथंही? मुद्दाम?"

"हो."

"उमाताईंनी तीन रात्री जागून लिहिलं रे ते."

ओरडले असते तर बरं झालं असतं. प्रिंट एकतीसला परत पाठवायची आहे, त्याआधी वाटूरला जा, नीट लावून ये, म्हणाले. "तुम्ही येता का" असं विचारलं तर मान हलवली.

आज शिफारस काही नाही.

२७ जानेवारी, वाटूर

दुपारी गोडाऊनची दारं लावून अंधार केला. सर्जेराव, गोजरबाई अन् झुंबरबाई, तिघंच. डब्यांवरचे आकडे अन् आतली रिळं मी रात्री तीनदा ताडून पाह्यली होती.

तिसरं रीळ लागलं. पोरगा दारात. झुंबरबाई पुढं सरकल्या.

"हे कोट पुरायच्या आधीच आलं. त्या दिशी तर मागून आल्तं."

"हो मावशी. खरं असंच हाय."

पोरगा जेवायला बसला. "काय खातो तो?"

"भाकरीसारखंच हाय काही."

"किती खाल्ल्या?"

मी मोजल्या. "तीन."

"तीन." मशीनच्या खरखरीत त्यांचा आवाज बारीक यायचा. "माझा उपाशी गेला. सकाळी माझं अन् त्याचं भांडण झाल्तं. मी ताट पुढं केलंच न्हाई. म्हणलं, दुपारी भूक लागली की येतो गुमान. भाकऱ्या तीनच व्हत्या. रात्री कुत्र्याला घातल्या."

सर्जेराव एकदम वळले. त्यांना हे माहीत नव्हतं. गोजरबाई खाली बघून राह्यली. तिला असावं.

चौथं रीळ. माणसं कोट घेऊन आली. मी माईक आणलाच नव्हता, पण तोंडानंही सांगणं बंद झालं.

"सांग की रे. आता काऊन गप?"

"मावशी, त्या दिवशी मी खोटं बोललो. पोरगा परत आला न्हाई. जेवला, अन् गेला. हे शेवटाला हाय."

खोका खाली गेला. माती पडली. ती परदेशी माय बसून राहिली, अन् इकडं ही. शेवटची अक्षरं आली. या वेळी मी हात धरला नाही. कोणाला वाचता येत नव्हती, पण येऊ दिली. पुढं नुसता पांढरा उजेड पडद्यावर.

"पण जेवला व्हता," झुंबरबाई म्हणाल्या.

"हो."

"मंग तिला निदान तेवढं तरी हाय." पदरानं तोंड पुसलं. "सर्जा, गुरुजीला म्हणावं अवसेला ये."

मी गोजरबाईकडं पाह्यलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटंल. ती उठून दार उघडायला गेली, अन् कडीला हात लावून तशीच उभी राहिली.

६ फेब्रुवारी, वाटूर

अवस. बोलावलं नव्हतं तरी गेलो.

ओढ्याकाठी पळसाच्या पानांचा माणूस केला. हात, पाय, डोक्याच्या जागी नारळ. झुंबरबाईंनी फडक्यातून ताट काढलं. तीन भाकऱ्या, वांग्याची भाजी, कांदा. त्या पानांच्या माणसासमोर ठेवलं.

गुरुजी म्हणाले, "आजी, हे विधीत नाही."

"माझं फाट्यावर बसणं तरी व्हतं का तुमच्या विधीत?" त्या म्हणाल्या. "बसू द्या त्याला थोडं. घाईघाईत खायाची सवय हाय त्याला, पण आज बसू द्या."

सगळे थांबले. वाऱ्यानं पानं हलायची. मंग सर्जेरावांनी अग्नी दिला. पळसाला धूर फार. गोजरबाईनं दोन्ही हात पुढं केले, जावेनं बांगड्या उतरवल्या, फोडल्या नाहीत. मंठ्याहून तिचा भाऊ आल्ता, तो लांब जीपजवळ उभा. तेरावं झालं की नेणार. माझ्या शेजारून जाताना ती म्हणाली, "झालं, भाऊ." एवढंच. बरं वाटलं का वाईट, आवाजावरून कळलं नाही.

निघताना झुंबरबाईंनी हाक मारली. "तुला माय हाय का रे?"

मंठा म्हणणार होतो. "हाय. धावड्याला."

"कधी निघाला घरून?"

"पाच वर्सं झाली."

"खाऊन निघाला व्हता का?"

मी आठवायला लागलो. खूप आठवलं. पहाट होती, सायकलची चेन पडत होती, कुत्रं मागं मागं वेशीपर्यंत आलं होतं, हे सगळं आठवलं.

"ध्यानात न्हाई, मावशी."

"तिच्या ध्यानात असंल." मंग म्हणाल्या, "जा. अन् वाटंत काही खाऊ नको. उपाशी जा. उपाशी लेकरू दारात दिसलं की मायला दुसरं काही विचारायचं सुचत न्हाई."

९ फेब्रुवारी, भोकरदन बसस्थानक

प्रिंट गेल्या आठवड्यातच पुण्याला गेली. पुढच्या पत्रकात दुरुस्ती येणार, सरांनी स्वतः लिहिली: मागील अंकातील चित्रपटाची शेवटची दोन रिळे चुकीच्या क्रमाने दाखवली गेली होती, दिलगीर आहोत. माझं नाव नाही. हे बरं का वाईट, ते ठरवता आलं नाही. निवेदन आता उमाताईंचा भाचा करणार. मी डबे तेवढे उचलायचे. काल संध्याकाळी मी खोलीची किल्ली सरांच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "डायरी राहू दे तुझ्याकडे."

त्या पिक्चरवर माझं लिहायचं राहिलंच. तर लिहितो. बघा. रिळं ताडून बघा. तिसऱ्यात पोरगा आईच्या डोळ्यांत बघत नाही, तिथं नीट लक्ष द्या, सगळा पिक्चर तिथंच आहे.

सकाळी जालन्याहून निघालो. तोंडात पाणीसुद्धा घेतलं नाही. भोकरदनला उतरलो, धावड्याची गाडी लागलेलीच होती. खिडकीपाशी बसलो. कंडक्टरला धावडा म्हणालो, तिकीट घेतलं. मंग आठवलं, मायसाठी काहीच घेतलं नाही. बांगड्या घ्याव्या म्हणून खाली उतरलो. दुकानासमोर एक माणूस मोटरसायकल खोलून बसला होता, इंजिनाचा एकेक भाग कागदावर मांडून, क्रमानं. मी त्याला विचारलं, परत लावताना चुकत नाही का? तो सांगत बसला. वळून पाह्यलं तर गाडी गेली होती.

पुढची पाचला आहे. समोर तंबू टॉकीज लागलंय, दुपारचा खेळ सुरू होऊन राह्यलाय. एक रीळ बघून येतो.

भूक फार लागली होती. दोन प्लेट भजी खाल्ली.